स्पीकर भारी, दरवाजा ढिला!

नवी मोटार घेतली, की अनेकांची पहिली फेरी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात होते. कंपनीने बसवलेले स्पीकर काढून त्यांच्या जागी नामांकित, महागडे स्पीकर बसवले जातात. तरीही डग्ग्याचा घुमारा पोकळच वाटतो आणि आवाज वाढवला, की दरवाजा खडखडू लागतो. दोष स्पीकरला दिला जातो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा स्पीकर ज्यावर बसवला आहे त्या पत्र्याचा व प्लास्टिकचा असतो.

यामागील शास्त्र सोपे आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकला, की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजेच पुढची व मागची ध्वनिलहर परस्परविरोधी असतात. त्या एकमेकींत मिसळल्या, तर आवाज मारला जातो. याचा सर्वाधिक फटका खर्जाला बसतो. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते. तिच्यापुढे दरवाज्यातील फटीचे अंतर नगण्य असल्याने दोन्ही लहरी जवळजवळ पूर्णपणे परस्परांना छेदतात. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये आधुनिक स्पीकरची मूळ रचना मांडली, तेव्हापासून पडद्याभोवती भक्कम फळी असावी, हे सूत्र कायम आहे. घरातील स्पीकरमध्ये हे काम लाकडी खोके करते. मोटारीत ते दरवाज्याला करावे लागते.

दरवाजा मात्र त्यासाठी घडवलेला नसतो. काच व कुलपाची यंत्रणा बसवण्यासाठी त्याच्या आतील पत्र्याला मोठी भगदाडे ठेवलेली असतात. अनेक गाड्यांत ती केवळ पातळ प्लास्टिकने झाकलेली असतात. पत्राही पातळ असल्याने स्पीकरबरोबर तोही थरथरतो.

कडे भक्कम हवे

पहिला उपाय म्हणजे प्लास्टिकच्या तकलादू चौकटीऐवजी जाड, ताठ कडे बसवणे. त्यासाठी एमडीएफ सर्रास वापरले जाते. पण पावसाचे पाणी काचेवरून दरवाज्यात उतरतेच, आणि एमडीएफ पाण्याने फुगते. त्यामुळे त्याच्या कापलेल्या कडांसह सर्व बाजूंना व्हार्निश हवे, अन्यथा अ‍ॅक्रिलिकचे कडे निवडावे. कड्याची जाडी ठरवताना काच पूर्ण खाली करून ती स्पीकरच्या चुंबकाला घासत नाही ना, हे पाहावे. कडे आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी लावावी. स्पीकरची पुढची कड आणि दरवाज्याचे आतील आवरण यांच्यामध्येही तशीच पट्टी असावी, म्हणजे आवाज आवरणामागे न मुरता गाडीत येईल.

दुसरा उपाय थरथर शमवण्याचा. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली ब्युटाइल रबराची चिकट शीट पत्र्यावर रूळ फिरवून घट्ट बसवली, की कंपनाची ऊर्जा रबरात जिरते. संपूर्ण दरवाजा मढवण्याची गरज नसते. स्पीकरमागील बाहेरचा पत्रा आणि मोठे सपाट भाग यांना प्राधान्य द्यावे. छतासाठी मिळणाऱ्या डांबरी शीट स्वस्त असतात. पण उन्हात तापलेल्या गाडीत त्या मऊ पडतात आणि वासही सोडतात. आतील भगदाडेही ताठ पत्रा लावून बंद करता येतात. मात्र यंत्रणा दुरुस्तीसाठी तो काढता यायला हवा.

दोन गोष्टी विसरू नका

दरवाज्याच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी छिद्रे असतात. ती बुजली, तर पाणी साचून पत्रा गंजतो. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. काही गाड्यांत बाजूने होणारी धडक ओळखण्यासाठी दरवाज्यात हवेच्या दाबाचा सेन्सर असतो आणि बाजूच्या एअरबॅग त्याच्या इशाऱ्यावर उघडतात. दरवाज्यातील पोकळी बदलली, तर त्या इशाऱ्यात फरक पडू शकतो. अशा गाडीत सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय भगदाडे बंद करू नयेत.

खर्चापूर्वी एक साधी चाचणी करावी. खर्जाचे गाणे लावून दरवाज्याच्या आवरणावर तळहात घट्ट दाबावा. खडखड थांबली, तर दुखणे दरवाज्याचे आहे. अशा वेळी पैसा आधी दरवाज्यावर खर्च करावा. त्यानंतर नवे स्पीकर घेण्याची गरजच उरणार नाही, असेही होऊ शकते.