नाकावरचा मास्क काय करू शकत नाही
मार्च २०१९ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचं औरंगाबाद) चिकलठाणा औद्योगिक वसाहतीलगतच्या ब्रिजवाडी भागात ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेली माणसं दगावली. दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी आटलेल्या, त्यामुळे शहराचं सांडपाणी उपसून शेताला द्यायची धडपड चाललेली. त्या कामासाठी चेंबरमध्ये उतरलेला वर येईना, म्हणून त्याला बघायला दुसरा उतरला आणि त्याच्यामागे आणखी काही जण. कोणाच्याही धाडसात काही उणं नव्हतं. खालच्या हवेत माणूस जगू शकत नाही, ही एकच गोष्ट वर उभ्या असलेल्यांना दिसत नव्हती.

अशी बातमी आली की ‘मास्क नव्हते’ असं लगेच म्हटलं जातं. पण कोणता मास्क? करोनाकाळात घरोघरी पोचलेला एन-९५ त्या सगळ्यांच्या तोंडावर असता, तरी काही फरक पडला नसता.

सांडपाणी कुजतं तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. थोडा असताना त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून नाक आपल्याला सावध करेल असं वाटतं. मात्र दहा लाख भाग हवेत त्याचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांत वास कळेनासा होतो. माणसाला वाटतं, घाण वास गेला, आता उतरायला हरकत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने नेमकं हेच प्रमाण ‘तत्काळ जिवाला धोका’ म्हणून ठरवलं आहे. शिवाय बंद चेंबरमध्ये प्राणवायूही कमी झालेला असतो. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात.

एन-९५ चं काम वेगळं आहे. हवेतले सूक्ष्म कण, त्यातही गाळायला सर्वांत अवघड असे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, किमान ९५ टक्के अडवणं एवढंच त्याला जमतं. वायूचे रेणू त्यातून सहज पार होतात. वायूंसाठी कोळशाचं कार्ट्रिज लावलेला रबरी मास्क मिळतो, पण तोसुद्धा हवा गाळतो, तयार करत नाही. मुळात प्राणवायूच कमी असेल तर जगातलं सर्वांत महागडं कार्ट्रिजही निरुपयोगी ठरतं. तिथे माणसाने स्वतःची हवा सोबत न्यावी लागते, एक तर पाठीवरच्या सिलिंडरमधून किंवा बाहेरून नळीने. अग्निशमन दलाचे जवान याला ‘बीए सेट’ म्हणतात.

कायद्याला हे १९४८ पासून ठाऊक आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत शिरण्याच्या अटी घातल्या होत्या. आतली जागा सुरक्षित असल्याचा तज्ज्ञाचा लेखी दाखला हवा; नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र आणि कमरेला दोर बांधलेला पट्टा घातलेला हवा आणि त्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं. सगळ्या कलमात हा दोर धरणारा माणूस सर्वांत मोलाचा आहे. त्याने आत उडी घ्यायची नसते, ओढायचं असतं. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते. गटारांपुरतं बोलायचं तर २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणूस उतरवण्यावर बंदी आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरीही बादली आणि दोरी घेऊन माणसं उतरतातच.

रोजच्या शिफ्टमधला धोका इतका झटपट दिसत नाही. ग्राइंडिंगची धूळ, पेंट बूथमधला थिनरचा वास, फाउंड्रीतली वाळू, पावडर कोटिंगची भुकटी हे सगळं वाळूज-चिकलठाण्यातल्या कामगारांच्या ओळखीचं. तिथे सर्वांत जास्त दिसतं ते तोंडावर बांधलेलं फडकं किंवा रुमाल. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ त्याने थोडी अडते, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी सिलिकाची बारीक धूळ बेलाशक आत जाते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. धुळीच्या मास्कसाठी आपल्याकडे आयएस ९४७३ हे मानक आहे आणि त्यात एफएफपी-१, २ व ३ अशा चढत्या श्रेणी आहेत. खरेदी करताना पाकिटावर हा आकडा पाहण्याइतकी तसदी कंत्राटदारानेही घ्यायलाच हवी.

कार्ट्रिजच्या रंगांत एक मोठी गफलत होऊ शकते. अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय वाफांसाठी, म्हणजे थिनरसारख्या द्रावकांसाठी काळा पट्टा असतो, तर युरोपी पद्धतीत तपकिरी. अमेरिकी पिवळा आम्लवायू आणि सेंद्रिय वाफा दोन्हींसाठी असतो. युरोपी पिवळा मुख्यतः सल्फर डायऑक्साइडसाठी. एकाच स्टोअरमध्ये दोन्ही प्रकारचा माल असेल तर रंगावर विसंबून चालत नाही, लेबल वाचावंच लागतं. कार्ट्रिज उघड्यावर खुंटीला टांगून ठेवलं तर वापर नसतानाही ते हवेतल्या वाफा शोषत राहतं. काम संपलं की ते हवाबंद पिशवीत ठेवावं, सील फोडल्याची तारीख त्यावर लिहावी आणि ठरलेल्या वेळी बदलावं. ‘वास येईपर्यंत चालवू’ हा हिशेब काही रसायनांच्या बाबतीत थेट रुग्णालयात नेतो.

आणि चेहरा? मास्क कितीही उत्तम असला तरी गालाशी फट राहिली की हवा त्या फटीतूनच आत येते, कारण तिला तिथे अडथळा नसतो. म्हणून फिट टेस्ट करतात. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपडं चढवून आत कडवट द्रावणाचा फवारा मारतात. जिभेला कडू लागलं तर मास्क बसलेला नाही. कार्ट्रिजच्या मास्कसाठी केळ्यासारखा वास असणारं रसायन वापरतात. अमेरिकेत ही चाचणी दर वर्षी सक्तीची आहे. आपल्याकडे एकाच मापाची पेटी आणून सगळ्यांना वाटली जाते, मग तो थोराड चेहऱ्याचा फिटर असो की असेंब्ली लाइनवरची बारीक चणीची मुलगी.

दाढीचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून सुपरवायझर तो टाळतात. टाळू नये. दोन दिवसांचे खुंटही सील बिघडवतात. श्रद्धेने दाढी राखणाऱ्या कामगाराला काम सोडायला किंवा दाढी काढायला सांगण्यापेक्षा पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारं सैल हुड द्यावं. त्याला चेहऱ्याशी घट्ट सील लागत नाही. महाग आहे, पण उपाय आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा घामाने मास्क सरकतो, श्वास जड होतो आणि माणूस तो हनुवटीवर ओढतो. यात त्याचा हलगर्जीपणा शोधण्याआधी त्याला किती वेळाने सुट्टी मिळते ते पाहावं.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून सहा कामगार गेले. आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. ना धुळीचा मास्क तो अडवतो, ना पेंट शॉपमधलं कार्ट्रिज. स्टोअरमध्ये टांगलेला मास्क आगीत चालेल, असा समज कोणाचाही असेल तर तो आजच काढून टाकायला हवा. आग लागली की बाहेर पळायचं असतं आणि त्यासाठी दार मोकळं हवं. आत जायचं ते फक्त बीए सेट घातलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या जवानानेच. त्याच्याही सिलिंडरमध्ये अर्ध्या-पाऊण तासाचीच हवा असते आणि ती संपत आली की शिट्टी वाजते.