चिनी चाच्यांचं जुनं चित्र भिंतीवर : विकताना आधी खरं काय ते सांगा



सध्या कॅफे, सलून, ऑफिस, सगळीकडे भिंतीला 'व्हिंटेज लुक' हवा असतो. त्यात समुद्र, जहाजं, चाचे हे विषय चांगले चालतात. चिनी चाच्यांचं काळ्या रेषांचं एचिंग काळ्या फ्रेममध्ये लावलं की भिंत एकदम उठून दिसते. पण हा माल विकायचा असेल तर तीन गोष्टी पक्क्या हव्यात: गोष्ट, ओळख आणि हिशोब.

१. गोष्ट माहीत हवी

या चित्रांमागचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे झेंग यी साओ, म्हणजे झेंग यीची बायको. इंग्रजी पुस्तकांत ती चिंग शिह म्हणून भेटते. 1807 मध्ये नवरा गेला आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग किनाऱ्यावरच्या चाच्यांच्या टोळ्या तिने हाताखाली ठेवल्या. लूट आधी वहीत नोंदवायची, मग वाटणी. आणणाऱ्याला दोन हिस्से, उरलेले आठ सामायिक कोठारात. मिठाच्या जहाजांना पैसे घेऊन सुरक्षेचे परवाने दिले जात. 1810 मध्ये तिने सरकारशी बोलणी करून शरणागती पत्करली आणि 1844 पर्यंत जगली.

पण कौतुकात वाहून जाऊ नका. परवाना म्हणजे खंडणीच. गावं जाळली, माणसं ओलीस धरली. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा अधिकारी रिचर्ड ग्लासपूल 1809 मध्ये त्यांच्या तावडीत सापडला आणि खंडणी भरून सुटला. अशा युरोपीय माणसांनी लिहिलेल्या हकिगती पुढे छापल्या गेल्या. त्यामुळे अशा चित्रात बऱ्याचदा चीन कमी आणि युरोपची कल्पना जास्त दिसते. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनाही इंग्रजांनी 'चाचा'च म्हटलं होतं!

२. ओळख : एचिंग की नुसता प्रिंट?

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने चित्र ओरखडतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. जिथे थर निघालाय तिथे आम्ल धातू खातं. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर दाबून छापतात. म्हणून दुकानात एवढं तपासा:

- भिंगातून पाहा. एकसारखे बारीक ठिपके दिसले तर तो नंतरचा, यंत्रावरचा छापील प्रिंट.
- खऱ्या एचिंगची शाई कागदावर किंचित उठलेली असते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब दिसतो. मात्र कडा कापलेल्या असतील तर दिसणार नाही, आणि हा दाब नकलीही करता येतो.
- कागद पिवळा म्हणजे जुना, असं मुळीच नाही. चहाच्या पाण्यानेही कागद पिवळा होतो.

एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांतली बरीच चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरलेली असत. दिसायला सारखी वाटली तरी ती एचिंग नव्हेत. त्यामुळे लेबलवर 'जुन्या चित्राचा नवीन प्रिंट' असेल तर तसंच लिहा. बिलावरही तेच. 'व्हिंटेज' आणि 'व्हिंटेज स्टाइल' यात गिऱ्हाइकाचे हजारो रुपये अडकलेले असतात.

आणखी एक. आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. खरी जुनी प्रत हाती आली तर दुकानात मांडण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

३. हिशोब

नवीन प्रिंटचं उदाहरण धरू:

- प्रिंट 150
- माउंट 120
- फ्रेम आणि काच 480
- पॅकिंग 100
- तुटफुटीसाठी 50

एकूण झाले 900 रुपये. 1,500 ला विकलं तर हातात 600, म्हणजे विक्रीच्या 40 टक्के. पण यातूनच भाडं, पगार आणि ऑनलाइन कमिशन जायचंय. 'शेजारचा 1,100 ला देतो' म्हणून आपणही उतरलो तर उरतात फक्त 200. त्यापेक्षा फ्रेमच्या मागे गोष्टीचं छोटं कार्ड चिकटवा. किंमत टिकवायला ते कामी येतं.

जुनी प्रत फ्रेम करताना आम्लरहित माउंट वापरा, कागद काचेला चिकटू देऊ नका, सेलोटेप तर अजिबात नाही. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन टाळायला गिऱ्हाइकाला सांगा. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आजचं काम

दुकानातला 'अँटिक', 'व्हिंटेज', 'हँडमेड' लिहिलेला प्रत्येक माल काढा. ज्याचा पुरावा दाखवता येत नाही, ते लेबल आजच बदला. एखादं गिऱ्हाईक किंमत ऐकून परत जाईल, जाऊ द्या. घरी गेल्यावर फसवल्याचं कळलेलं गिऱ्हाईक मात्र एकटं जात नाही, दहा जणांना सांगून जातं.

लेबल बदलताना काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!