खड्ड्यातल्या चिंध्या

कुतुपालोंगच्या छावणीत पंप पुन्हा अडला. कोपरापर्यंत रबरी मोजे चढवलेल्या दोघा रोहिंग्या तरुणांनी संडासाच्या खड्ड्यातून पाइप वर ओढला आणि तोंडाशी बसलेली चिंधी आकड्याने सोडवून बादलीत टाकली. तासाभरातली ही चौथी.

2017 च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमार सोडून बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या टेकड्यांवरची झाडी तोडून बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यांना खेटून घाईघाईत खणलेले उथळ संडास. ते भरले की दुसरा खड्डा खणायला जागा नाही, आणि मैला उपसणारी गाडी या मातीच्या पायऱ्या चढू शकत नाही. म्हणून पंप हाताचा, आणि मैल्याचं पिंप बांबूला बांधून दोघांच्या खांद्यावर. उतरताना बांबू पुढे कलतो, सगळा भार पुढच्यावर येतो. पायरी चुकली तर काय होईल, या विचारानेच मी कडेला सरले. खाली टाकीत मैल्यात चुन्याचं दाट पाणी कालवतात. सामू 12 वर नेऊन निदान दोन तास टिकवला की बहुतेक रोगजंतू मरतात.

चिंध्या येतात कुठून, हे त्या तरुणांनी सांगितलं नाही. एक स्वयंसेविका मला शेजारच्या झोपडीत घेऊन गेली. उघड्या हातपंपावर बाईने न्हायचं कसं? म्हणून कोपऱ्यात प्लास्टिक अंथरून घरातच आंघोळ. पाणी चटईखाली मुरतं. पाळीच्या घड्या धुवायला आडोसा नाही, वाळवायला जागा नाही. अंधारात संडासाला जायची भीती, म्हणून संध्याकाळपासून पाणीही बेताचंच प्यायचं. घडी मग खड्ड्यात जाते.

पलीकडच्या घरात त्याच कोपऱ्यात सिमेंटची जमीन होती. उतार नीट काढलेला, पाणी पाइपातून बाहेरच्या गटारात, भोवती तट्ट्या, वर वाळवणाची दोरी. आपली मोरीच ती. संडासाला कडी आणि कुलूप. किल्ली चार घरांत फिरते, आणि धुण्याची पाळीही. वीस माणसांमागे एक संडास हा मदतकार्यातला निकष मोलाचाच आहे, पण मला विचाराल तर पैसा आधी या दोन हात जागेवर खर्च व्हावा.

दुपारी या चार घरांचा खड्डा उपसला. पाइप एकदाच वर ओढावा लागला. तोंडाशी लहान मुलाची चप्पल अडकली होती.