जंगलात जहाज कसे आले?

पावसाळ्यातल्या रविवारी घराबाहेर पडायची सोय नसली, की वेळ जाता जात नाही. बोरिवलीत अशाच एका दुपारी माझ्या विद्यार्थ्याने मला एकट्याने खेळायचा एक खेळ शिकवला. वही, पेन्सिल आणि दोन रंगांचे दोन फासे, एवढेच साहित्य.

अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात खेळाडू गोष्टीतली पात्रे होतात आणि एकजण सूत्रधार होऊन पुढे काय घडले ते सांगतो. खेळणारा एकटाच असेल तर सूत्रधाराचे काम फाशांकडे जाते. सहा नामांची एक यादी करायची, सहा क्रियापदांची दुसरी. तांबडा फासा नाम देतो, पांढरा क्रियापद. जोड्या होतात ३६ आणि प्रत्येकीची संभाव्यता १/३६. (दोन्ही फाशांची बेरीज का घेत नाहीत? ७ ही बेरीज सहा प्रकारांनी येते, २ मात्र एकाच. मग ठरावीक शब्दच वारंवार येतील.)

माझा नायक होता कान्हेरीच्या लेण्यांतला, सातवाहनांच्या काळातला एक भिक्षू. रात्री त्याच्या दारावर थाप पडते. कोण आले असेल? फासे टाकले. ‘जहाज’ आणि ‘हरवणे’! डोंगरात, भर जंगलात जहाज? मी गुपचूप फासे पुन्हा उचलले.

“सर, परत टाकायचे नाहीत. पडले ते पडले,” विद्यार्थी हसून म्हणाला.

आता डोके चालवणे भाग होते. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांचे उल्लेख आहेत. दोन्ही त्या काळची बंदरे! म्हणजे दाराशी उभा आहे सोपाऱ्याचा व्यापारी. जहाज समुद्रात हरवले, लेण्याला कबूल केलेले दान आता देता येणार नाही, हे सांगायला तो भिजत आला आहे. मुलांच्या सहली घेऊन मी कितीदा तरी कान्हेरीला गेलो. पण त्या लेण्यांचा समुद्राशी संबंध जोडून कधी पाहिला नव्हता.

आता मला सांगा, फाशांना हे ठाऊक होते का? मुळीच नाही. ‘बैल’ आणि ‘विसरणे’ पडले असते तरी मी काहीतरी जुळवलेच असते. जुळवाजुळव करण्यात आपला मेंदू भलताच तरबेज. खेळात त्याची मजा येते, पण भविष्य ऐकतानाही तो हेच करतो आणि तिथे आपल्याला ते जाणवत नाही.

मग खरेखोटे कसे करायचे? डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि विशेष शाळांतील मुलांच्या १०० जन्मपत्रिका त्यांनी जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कुठल्या गटातली ते सांगितले. उत्तरे बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नुसते नाणे उडवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती! प्रत्येक पत्रिकेचे बरोबर उत्तर आधीच नोंदलेले होते, त्यामुळे मागाहून अर्थ लावायला जागाच उरली नाही. माझ्या व्यापाऱ्याला अशी कसोटी लावता येत नाही, म्हणून तो गोष्टीतच बरा.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. फाशांनी आलेली एकच जोडी फळ्यावर लिहा, प्रत्येकाने तिच्यावरून आपापली गोष्ट न बोलता लिहावी आणि मग सर्वांनी ती वाचून दाखवावी. गुरुजींनीही लिहायची! माझा व्यापारी मात्र अजून दाराशीच उभा आहे. पुढचे फासे येत्या रविवारी.