कार्डच बदला, काका

गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवर एक साधा 7805 व्होल्टेज रेग्युलेटर मागितला, तर गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, ‘‘सुटा नाही देत. कार्डच बदला, काका.’’ चार दुकानं पुढे मिळाला, पण अख्खं पाकीट घ्यावं लागलं. पाट्या आता बहुतेक सीसीटीव्हीच्या.

सत्तरच्या दशकात सांगण्यासारखं काही नाही. रेडिओला लायसन्स, पार्ट महाग आणि हात कच्चे. खरी मजा 1982 नंतर. एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, जुने सेट भंगारात निघाले आणि मच्छीमार नगरातल्या आमच्या फळीवर त्यांच्या पार्टांनी भरलेले बिस्किटांचे डबे चढू लागले.

होडीवर ट्रान्झिस्टर हवाच, हवामानाच्या बातम्यांसाठी. खारी हवा त्याची पार वाट लावायची. सेलची स्प्रिंग हिरवी पडे, गँग कंडेन्सर खरखरे, आवाज बसला की इलेक्ट्रोलिटिक सुकलेला. साठाही त्याच हिशेबाने: 10 आणि 100 मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, बीएफ 194-195, मूठभर बीसी 547 आणि बीईएलचे एसी 187-188. हे दोघे जुळवूनच घ्यायचे, नाहीतर आवाज फाटतो. पण हवा डब्यातल्या मालालाही सोडत नसे. पाय काळे पडले की डाग धरत नाही. ब्लेडने खरवडा, राळ लावा, मग कुठे सोल्डर पसरतं. जुन्या इलेक्ट्रोलिटिकला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुगतो. रेझिस्टन्समधून हळूहळू चढवावं लागतं.

त्या काळातही सगळे साधुसंत नव्हते. एका दुकानदाराने मला ‘अस्सल’ 2एन 3055 दिले. अ‍ॅम्प्लिफायरला लावताच उडाले. कानशीने टोपी उघडली, तर आत तिळाएवढी चकती! वर छपाई मात्र झकास.

नव्वदनंतर एफएम आलं, सीडी आली, मोबाइल आला. ती वर्षं नुसती गेली. पार्ट इतके बारीक झाले की चिमट्यातून उडाला तर शोधायचा नाही, दुसरा घ्यायचा. 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. हक्क मिळाला म्हणे; सुटा 7805 राहिला.

परवा पुतण्याच्या होडीवरचा जीपीएस बंद पडला. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या होत्या. सर्व्हिसवाल्यांनी सबंध युनिटचं कोटेशन दिलं. मी उघडला, तर फ्यूज गेलेला आणि आतला डायोड शॉर्ट. डब्यातला 1एन 4007 लावला, फ्यूज बदलला, सेट सुरू. हे डबे भंगारात घाला म्हणून मागे लागलेला हाच तो पुतण्या.