काटा तोच, माणसं दोन

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ सायकलने चढताना वजनकाट्यापेक्षा मांड्या खरं बोलतात!

काटा कसा फसवतो, ते पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र गोल, हे नेहमीचंच. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात.

स्कॅन नको, शिंप्याची टेप पुरे. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा. पोट आत ओढायचं नाही हं!

माझं वजन वर्षभर तेवढंच, पट्टा मात्र दोन भोकं आत.