पात्र ठरलेल्या बारा लाखांचे पुढे काय?

मे २०२५मध्ये देशभरातून २२ लाखांहून अधिक मुलामुलींनी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली आणि त्यांतली १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र देशात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, पण खरी धावपळ त्यानंतर सुरू होते.

पात्रता ठरते ती पर्सेंटाइलवर. खुल्या गटासाठी पन्नास पर्सेंटाइलची अट आहे. म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत, तर परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे असले की झाले. त्या वर्षी ही रेषा ७२०पैकी १४४ गुणांवर आली, अवघे वीस टक्के! एवढ्या गुणांवर खुल्या गटात सरकारी एमबीबीएसचा प्रश्नच येत नाही. खासगी संस्थांची दारे मात्र उघडी राहतात, ज्यांना ती फी झेपते त्यांच्यासाठी. रात्रंदिवस अभ्यास करून चांगले गुण मिळवलेली, पण ऐपत नसलेली मुले इथेच मागे पडतात आणि हा अन्याय आहे.

प्रवेशाच्या रांगा मुख्यतः दोन. सरकारी महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते. उरलेल्या पंचाऐंशी टक्के राज्याच्या. महाराष्ट्रात त्या सीईटी सेल भरतो आणि त्यांसाठी सर्वसाधारणपणे दहावी-बारावी इथलीच लागते. नोंदणी दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागते.

पालक सर्वांत जास्त चुकतात ते प्रवर्गाच्या बाबतीत. एकाच विद्यार्थ्याचा प्रवर्ग दोन रांगांत वेगळा असू शकतो. २०२४च्या कायद्याने मराठा समाजाला मिळालेले दहा टक्के एसईबीसी आरक्षण राज्याच्या जागांपुरतेच आहे; अखिल भारतीय कोट्यात ते चालत नाही. तिथे हा विद्यार्थी खुल्या गटात जातो किंवा अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये. भटक्या-विमुक्तांचे वेगळे गटही केंद्राकडे नाहीत. ओबीसींनासुद्धा आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना, हे पाहून प्रमाणपत्र केंद्राच्याच नमुन्यात काढावे लागते. राज्यात वर जात वैधता प्रमाणपत्र हवे. पडताळणी समितीकडे अर्ज अकरावीतच गेला पाहिजे. निकालानंतर पळापळ करून ते वेळेत हाती येईलच असे नाही.

दंतवैद्यकालाही गुण ‘नीट’चेच. एमबीबीएस हुकले म्हणून बीडीएस, असा विचार घरोघरी होतो. पण चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, तीही हाताच्या बारीक कसबाची. मुलाला त्यात गोडी आहे का, हे पर्याय भरण्याआधी विचारायला हवे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत खर्चही आवाक्यात राहतो.

पर्याय भरताना ‘मिळेल तेच वर टाका’ हा सल्ला ऐकू नये. जागावाटप गुणवत्ताक्रमाने होते. न परवडणारी महाविद्यालये यादीत घालूच नयेत. बाकीची आवडीच्या क्रमाने लावावीत. पहिला पर्याय आवाक्याबाहेरचा निघाला म्हणून दहाव्यावरचा हक्क जात नाही. राज्याच्या फेरीत मिळालेली जागा कायम ठेवण्यासाठी ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म असतो. तो भरला की पुढच्या फेऱ्यांत वरचे महाविद्यालय मिळण्याची वाट बंद होते, म्हणून सही करण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून यादी पुन्हा एकदा वाचावी.